गाव मंगळवारी बघ

आधी पत्र थोडक्यात देते, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल.

"ताई नमस्कार. आम्ही नाशिकला, इंदिरानगरला टू बीएचकेमध्ये राहतो. मिस्टर अंबड एमआयडीसीत शिफ्टला जातात, मी घरून अकाउंट्सची कामं करते. मुलगी चौथीत आहे, मुलगा साडेतीन वर्षांचा. सासूबाई ६८ वर्षांच्या, त्यांना शुगर आहे. गेलं वर्षभर दर दोन-तीन रविवारी आम्ही मैत्रिणीच्या गावाला जातोय, गिरणारे रोडने आतमध्ये. परत निघायची वेळ झाली की पोटात कसंतरी होतं. तिथे मुलं सकाळी बाहेर पडतात ती जेवायलाच उगवतात, आणि तेही कोणाच्या तरी घरी जेवून आलेली असतात. इथे आम्हाला आठ वर्षं झाली, पण समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचं आडनाव मला फक्त दारावरच्या पाटीमुळे माहितीये. त्या गावात गावठाणातलं एक जुनं घर मिळतंय. मिस्टर तयार, मुलं तर उड्या मारतायत. सासूबाई मात्र विषय काढला की उठून आत जातात. त्या स्वतः सिन्नरच्या पूर्वेकडच्या खेड्यातल्या. म्हणतात, तिथून निघायला आमचा जन्म गेला आणि तुम्ही परत तिकडंच निघालात. माहेरचे म्हणतात खूळ आहे, उतरेल. खरंच खूळ आहे का हो ताई?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. धरण, डोंगर, हवा हे सगळं मूळ पत्रात तू एका ओळीत उरकलंयस आणि बाकी अख्खं पान माणसांवर लिहिलंयस, हे दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं. म्हणून मी खूळ म्हणणार नाही. नुसत्या हवेसाठी आलेली माणसं मी जवळून बघितलीयेत, ती आधी कंपाउंड घालतात, मग गेट लावतात, मग गेटला कुलूप लावतात आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर महिन्यातून एकदा येऊन गवत काढून जातात. तुला गेट नकोय, तुला कोणाच्या तरी घरी जेवून आलेली पोरं हवीयेत, आणि ही भूक खरी आहे गं, ती दाबून ठेवलीस तरी जाणार नाही.

मी स्वतः नाशिकरोडची, लग्नानंतरही काही वर्षं तिथेच होते. आता बारा वर्षं झाली, दिंडोरी रोडच्या आतल्या अंगाला शे-सव्वाशे उंबऱ्यांच्या एका गावात राहतेय.

आलो तेव्हा तिसऱ्याच दिवशी शेजारच्या मावशींनी वाटीभर खुरासणीची चटणी पाठवली. मी वाटी स्वच्छ घासून, पुसून, थँक्यू म्हणून परत दिली. मावशी काही बोलल्या नाहीत, पण त्यांची सून नंतर हळूच म्हणाली, वहिनी, आमच्यात भांडं रिकामं देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. मला तेव्हा ती नुसती रीत वाटली. वर्षभराने कळलं की ती वाटी फिरत राहणं हाच गावाचा हिशोब आहे, म्हणजे तुझं माझ्याकडे काहीतरी आणि माझं तुझ्याकडे काहीतरी कायम बाकी असलं पाहिजे, हिशोब पुरता मिटला की नातंही मिटलं. शहरात आपण सगळं मिटवून टाकतो ना, दूधवाल्याचं ऑनलाइन, भाजीवाल्याचं ऑनलाइन, सोसायटीचा मेंटेनन्स ऑनलाइन, कोणाचं काही राहायला नको, आणि मग संध्याकाळी वाटतं आपलं कोणी नाही.

गावात लग्नाचं आवतन येतं ना, त्यात चूलबंद म्हणून एक प्रकार असतो. चूलबंद म्हणजे तुमच्या घरची चूलच पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं, म्हातारं-कोतारं, पाहुणे आलेले असतील तर ते पण. आम्हाला पहिलं चूलबंद आवतन आलं ते येऊन दीड वर्ष झाल्यावर, तोवर नुसतं 'तुमच्यापैकी कोणीतरी एक या' असायचं. त्या दिवशी आमचे हे ऑफिसला सुट्टी टाकून घरी थांबले होते, एवढं आम्हाला त्याचं वाटलं. आणि त्याची दुसरी बाजू पण सांगते. गावात मयत झाली की त्या घरात काही दिवस चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेऊन देतात, कोणी सांगावं लागत नाही. माझे वडील इथे माझ्याकडे असताना गेले. नाशिकरोडहून माझे सख्खे चुलत भाऊ पोचायच्या आत इथल्या दहा-बारा जणांनी बांबूपासून सगळी तयारी केलेली होती, आणि पुढचे काही दिवस माझ्या स्वयंपाकघरात मी एक भांडं उचललं नाही. ज्यांच्याशी माझं बांधावरून वाजलं होतं त्यांच्या घरूनसुद्धा भाकऱ्या आल्या. हे सांगताना आजही गळा दाटतो माझा.

पण तू गाव रविवारचं बघितलंयस, आणि पाहुणी म्हणून. मैत्रिणीच्या घरी तू गेलीस की तिने आदल्या दिवशी पाणी भरून ठेवलेलं असतं, लाईट गेली तर ती ओट्यावर बसवते, ते तुला छान वाटतं. एकदा मंगळवारी जा. साध्या कामाच्या मंगळवारी, न सांगता नको, सांगून जा, पण तिला म्हण मी पाहुणी नाही, तुझ्यासोबत दिवसभर राहणार आणि तुझी कामं करणार.

शांतता असेल असं समजून जाऊ नकोस. गिरणाऱ्याचा पट्टा टोमॅटोचा आणि द्राक्षाचा आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की ट्रॅक्टरवरचे औषध फवारायचे ब्लोअर कधी पहाटे, कधी रात्री सुरू होतात, त्याचा आवाज झोपेतून उठवतो, आणि त्या औषधाचा वास बाग घराला लागून असेल तर घरात येतो. साडेतीन वर्षांचं पोर आहे तुझं, तर ते घर बागेपासून किती लांब आहे आणि वारा कुठून कुठे जातो हे नक्की बघ. टोमॅटोच्या सीझनमध्ये गिरणाऱ्याचा बाजार भरतो तेव्हा क्रेटनी भरलेल्या पिकअप रस्ता अडवून उभ्या असतात, मिस्टरांची सेकंड शिफ्ट असेल तर जाताना घड्याळ बघून निघायला लागेल. सप्ता बसला की सात दिवस स्पीकर. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होऊन अख्ख्या गावाची पंगत, त्या पंगतीत वाढायला उभी राहिलीस तर महिन्याभराची ओळख एका दुपारी होते, पण तुला त्याच आठवड्यात जीएसटीचे रिटर्न भरायचे असतील तर मग अवघड आहे.

लाईटचं म्हणशील तर शेतीपंपांची थ्री फेज ठरलेले तासच येते, बऱ्याच ठिकाणी काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. गावठाणाची लाईन वेगळी असते, पण पावसाळ्यात डीपी जळला तर दोन-दोन दिवस जातात. तुझं काम लॅपटॉपवरचं, म्हणजे चांगला इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट, हा खर्च सुरुवातीलाच धर. पाण्याचं विचार, पण 'पाणी आहे का' असं विचारू नकोस, आहेच म्हणतील, 'एप्रिल-मेमध्ये नळाला किती दिवसाआड येतं' असं विचार. धरण दिसतंय म्हणून भुलायचं नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात पावसाळ्यात धो धो कोसळतं आणि उन्हाळ्यात तिथल्याच वाड्यापाड्यांवर टँकर चालू असतात, कारण कातळावर पडलेलं पाणी थांबत नाही, सरळ वाहून खाली जातं. गंगापूर धरणातलं पाणी नाशिक शहरातल्या नळांना येतं, पण धरणाच्या अलीकडच्या-पलीकडच्या वस्तीला येतंच असं नाही.

बिबट्या. याच्याबद्दल कोणी तुला घाबरवेल, कोणी म्हणेल काही होत नाही. दोन्ही ऐकू नकोस. नाशिकच्या आजूबाजूला ऊस आहे तिथे बिबट्या आहे, मळ्यात पिल्लं सापडतात, कुत्री उचलतो, आणि माणसांवर, खास करून लहान मुलांवर हल्ले झालेत, हे खरंय. गावठाणात दाटीवाटीने घरं असतात म्हणून धोका कमी, मळ्यातल्या सुट्या घराला जास्त. आमच्याकडे नियम साधा आहे, अंधार पडायला लागला की लहान पोरं आत, आणि रात्री उशिरा घरामागे जायचं तर मोठ्या माणसासोबत, बॅटरी घेऊन. सापाचंही तसंच, नाग, घोणस, मण्यार सगळे आहेत आपल्याकडे. जळणाच्या ढिगात हात घालायचा नाही, खाली झोपायचं नाही, चप्पल झटकून घालायची, आणि चावलाच तर भगताकडे एक मिनिट घालवायचं नाही, सरळ गाडी काढून दवाखाना. मुलांना हे महिन्याभरात अंगवळणी पडतं, आपल्याला वेळ लागतो.

आता सासूबाई. खरं सांगू, मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं माणूस त्याच वाटल्या. तू त्यांना अडथळा समजून लिहिलंयस, पण तुमच्या घरात गाव माहिती असलेलं माणूस एकच आहे आणि ते आत उठून जातंय. सिन्नरचा पूर्व भाग म्हणजे पावसाच्या आडोशाचा, तिकडे पाऊस पोचेपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. त्या आज ६८ वर्षांच्या म्हणजे ७२ च्या दुष्काळात चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी होत्या. त्या वयाच्या पोरींनी दुष्काळी कामावर खडी फोडलीये, मिलोच्या लाल ज्वारीच्या भाकरी खाल्ल्यात, दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या सुकडीसाठी रांगेत उभ्या राहिल्यात. डोक्यावर हंडे घेऊन किती चालल्या असतील ते तू कधी विचारलंयस का त्यांना? मी माझ्या सासूबाईंना फार उशिरा विचारलं. त्या जे म्हणाल्या ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं, त्या म्हणाल्या, गावात काम वाईट नव्हतं गं, ते करताना आपलं कोणी ऐकून घेत नव्हतं ते वाईट होतं. सून म्हणून गावात नांदणं आणि आपल्या मर्जीने गावात राहायला जाणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. तुझ्या हातात तुझी कमाई आहे, गाडीची चावी आहे, नाही जमलं तर परत फिरायची सोय आहे. त्यांच्या हातात यातलं काही नव्हतं. त्या ज्या गावाला घाबरतायत ते गाव आणि तू ज्या गावाच्या प्रेमात पडलीयेस ते गाव एकच आहे, फक्त त्या आत होत्या आणि तू ओट्यावर बसलीयेस.

म्हणून त्यांना पटवायला जाऊ नकोस, त्यांना विचार. एखाद्या दुपारी मटार-बिटार सोलत बसलात की विचार, आई, तुम्हाला काय काय नको होतं तिथलं. आणि त्या जे जे सांगतील ते लिहून काढ. पाणी बाहेरून आणायचं नाही, संडास घरात पाहिजे, रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणारी गाडी दारात पाहिजे, घरात कोणी मला खाली मान घालून बसायला लावणार नाही. ती यादी हीच तुझी घर बघायची यादी. त्यातलं एकही जमत नसेल तर ते घर घेऊ नकोस, कितीही गोड वाटलं तरी.

आणि शुगर आहे त्यांना, म्हणजे पायाला जखम झाली तर लवकर भरत नाही. गावातली वाट खडबडीत, अनवाणी अंगणात जायची सवय जुनी. प्राथमिक आरोग्य केंद्र किती किलोमीटरवर, तिथे रात्री डॉक्टर राहतात का, १०८ ची गाडी बोलावली तर साधारण किती वेळात येते, हे मैत्रिणीला नाही, गावातल्या आशाताईंना विचार, त्यांना मिनिटांत माहिती असतं. आणि एकदा रात्री अकराला स्वतः गाडी काढून त्या घरापासून तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपर्यंत येऊन बघा. कागदावर २० किलोमीटरच्या आसपास वाटतं, पावसात, खड्ड्यांत, समोरून लाईट मारणाऱ्या ट्रॅक्टरसोबत ते वेगळं निघतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाबतीत चांगली आहे, म्हातारं माणूस गावात एकटं पडत नाही. फ्लॅटमध्ये त्या दिवसभर टीव्हीसमोर असतील. गावात दार उघडं असतं, येणारी-जाणारी हाक मारून जाते, जेवली का म्हातारे, आणि ते वर्षानुवर्षं रोज कोणीतरी विचारतं. माझ्या सासूबाईंना शेवटच्या दोन वर्षांत फारसं दिसत नव्हतं, पण पावलाच्या आवाजावरून कोण चाललंय ते त्या सांगायच्या.

मुलीच्या शाळेचं. ती आत्ता चौथीत, म्हणजे पाचवीला शाळा बदलायची तर हीच वेळ बरी आहे, अधेमधे उचलण्यापेक्षा. जिल्हा परिषदेच्या शाळांबद्दल शहरात उगाच नाक मुरडतात, आमच्या गावच्या शाळेतल्या बाईंनी माझ्या मुलाचं गणित असं पक्कं केलं की अजून टिकलंय. पण ते त्या बाईंमुळे, त्यांची बदली झाली तेव्हा फरक पडलाच. म्हणून शाळा बघायची म्हणजे वर्गात अर्धा तास बसून बघ, मुलं मास्तरांना प्रश्न विचारतात का ते बघ. पुढे हायस्कूल किती लांब, सिटीलिंकची बस त्या फाट्यावर किती वाजता आणि शेवटची कधी, याचं वेळापत्रक आधी हातात घे. पोरगी मोठी झाल्यावर संध्याकाळी क्लासहून कशी येणार हा प्रश्न आज लांब वाटतो, पण पाच वर्षं चुटकीसरशी जातात.

आणखी एक सांगायलाच पाहिजे, गोड नाही पण सांगते. गाव म्हणजे एक नसतं. पाटलाची आळी वेगळी, वाडी वेगळी, आदिवासी वस्ती बहुतेक वेळा गावाच्या कडेला. तुला पहिल्या पाच मिनिटांत आडनाव विचारतील आणि त्यावरून तुझी जागा ठरवतील. पंगतीत कोण कुठे बसतं, पाण्याच्या टाकीची पाईपलाईन कोणत्या वस्तीला शेवटी पोचली, हे डोळे उघडे ठेवून बघ. द्राक्षाच्या कामाला पेठ-सुरगाण्याहून जी कुटुंबं येतात, विरळणी, डिपिंग, खुडा सगळं ज्यांच्या हातावर चालतं, ती चार-पाच महिने शेडमध्ये राहतात आणि त्यांची पोरं शाळेच्या बाहेर असतात. ज्या आपलेपणाच्या तू प्रेमात पडलीयेस तो त्यांच्यापर्यंत पोचतोच असं नाही. आम्ही चौघी जणी मिळून सीझनमध्ये त्या मुलांना संध्याकाळी ओट्यावर बसवतो, अक्षरं गिरवायला, गेली सहा वर्षं. कोणी काही बोललं नाही असं नाही, बोलले. पण बोलणारीची नात पण आता तिथेच बसते.

नजर हा पण एक भाग. तुझ्याकडे कोण आलं, गाडी किती वाजता आली, तू ड्रेस घातला का साडी नेसलीस, सगळं कळतं सगळ्यांना. ज्या नजरेमुळे तुझं पोर हरवत नाही तीच नजर तुझ्यावरही असते, त्यातलं एकच घेता येत नाही. मला पहिली दोन वर्षं गुदमरायला व्हायचं. नंतर एकदा मी तापाने पडले होते आणि सकाळी नऊपर्यंत माझ्या दारात सडा पडला नाही म्हणून तीन घरच्या बायका विचारायला आल्या, त्या दिवसापासून मला त्या नजरेचा त्रास कमी झाला. पूर्ण गेला नाही.

आता घराचं आणि व्यवहाराचं, इथे भावना बाजूला ठेव. पहिलं म्हणजे आत्ता विकत घेऊ नका, भाड्याने राहा. एक वर्ष, आणि त्यात पावसाळा आणि जानेवारी दोन्ही आले पाहिजेत. जूनला गेलात तर गळणारं कौल, चिखल, ओल, कपडे न वाळणं हे कळेल, आणि थंडीत नाशिकचा ग्रामीण भाग म्हणजे काय ते कळेल, निफाडकडे तर पारा ५-६ अंशांवर येतो, तुमच्या बाजूलाही धरणाचा गारठा असतोच. तोपर्यंत इंदिरानगरचा फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या.

विकत घ्यायची वेळ आली तर गावठाणातलं घर हे शेतजमिनीपेक्षा सोपं प्रकरण आहे, कारण शेतजमीन आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला सरळ घेता येत नाही. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा बघ, पण नुसत्या त्यावर विसंबू नकोस, तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. प्रॉपर्टी कार्ड झालं असेल तर ते, वारस किती, सगळ्यांच्या सह्या होणार का, मुंबईला गेलेल्या बहिणीचा हिस्सा आहे का. त्र्यंबक, पेठ, दिंडोरी, इगतपुरी या बाजूला आदिवासींच्या जमिनी भरपूर आहेत आणि त्या बिगर आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकताच येत नाहीत, तरी 'नोटरी करून देतो, काही होत नाही' म्हणणारे भेटतात. त्यांच्यापासून लांब. आणि गुंठ्याने शेतजमिनीचे तुकडे पाडून 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून विकणारे तर गंगापूर रोडला होर्डिंग लावून बसलेले असतात. आम्ही सुरुवातीला अशाच एका ठिकाणी टोकन दिलं होतं, सातबाऱ्यावर बारा जणांची नावं निघाली, पैसे परत मिळायला तीन वर्षं लागली आणि तेही अर्धेच. वकिलाची फी वाचवायला गेलो होतो. बांधकाम करायचं, वाढवायचं असेल तर एनएमआरडीएची, म्हणजे नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची परवानगी लागते का ते पण आधी विचार, 'ग्रामपंचायतीचा दाखला आहे ना, बास' यावर जाऊ नकोस.

आणि हे पण डोक्यात असू दे की शहर थांबत नाही. १९८२ ला महापालिका झाली तेव्हा अंबड, पाथर्डी, आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद ही सगळी गावं आत घेतली. तू जिथे राहतेस त्याच्या आजूबाजूला पण कधीकाळी शिवारच होतं, पाथर्डी, वडाळा ही नावं गावांचीच. आता २०२७ च्या कुंभामुळे रस्ते रुंद होतायत, जमिनीचे भाव वर चाललेत, आणि शहराच्या एवढ्या जवळचं गाव वीस वर्षांनी गावच राहील याची खात्री कोणी देणार नाही. म्हणून मी आमच्या गावाकडे नुसतं राहायची जागा म्हणून बघत नाही. मतदार यादीत नाव इकडे आणलं, कारण गावच्या मतदार यादीत नाव असलं की ग्रामसभेत आपण आपोआप सदस्य होतो. वर्षातून ठरावीक वेळा ग्रामसभा असतात आणि त्याच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, कागदावर बऱ्याचदा नुसत्या सह्या होतात. आम्ही जाऊन बसायला लागलो. पहिल्या वर्षी पाच जणी, आता तीस-पस्तीस असतात. गावालगतच्या ओढ्यात बांधकामाचा राडारोडा टाकायचं ज्या सभेत थांबलं ती सभा आमच्या बायकांनी रात्री आठपर्यंत चालवली होती. तू अकाउंट्स जाणतेस, ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचता येणारी बाई गावाला केवढी हवी असते याची तुला कल्पना नाही. मात्र पहिलं वर्ष नुसतं ऐक. जाता जाता सुधारणा सांगायला लागणारी शहरातली माणसं गावाने खूप बघितलीयेत.

माझं मत विचारशील तर जा. तुझ्यासारखी माणसं, म्हणजे ज्यांना वाटी परत भरून द्यायची हौस आहे अशी, गावाला हवी असतात आणि गाव त्यांना धरून ठेवतं. पण मिस्टरांच्या नाईट शिफ्टच्या आठवड्यात तू दोन पोरं आणि सासूबाईंसोबत त्या घरात एकटी असशील, त्या आठवड्याचा विचार दोघांनी बसून करा, कारण गावाचं वेड तुम्हा दोघांना आहे पण त्या रात्री तुझ्या एकटीच्या आहेत. ते म्हणाले की 'होईल गं सगळं', तर त्यांना म्हण, काय होईल ते नीट सांगा.

आता लगेच एवढंच कर. पुढच्या आठवड्यात मंगळवार-बुधवार कधी मिस्टरांची सुट्टी असेल तेव्हा सकाळी सातला निघा, मुलांना शाळेत सोडून, आणि सासूबाईंना सोबत घ्या. घर बघायला चला असं म्हणू नकोस, त्या येणार नाहीत. म्हण, आई, आम्हाला त्यातलं काही कळत नाही, तुम्ही बघून सांगा काय काय चुकतंय ते. पुढच्या सीटवर बसव त्यांना. विहीर, मोरी, छप्पर, शेजार, काय बघायचं ते त्यांचं त्यांना बघू दे, तू मधे बोलू नकोस. शेजारची बाई चहा घेऊन येईलच, तेव्हा त्या दोघींना दहा मिनिटं एकटं सोड.

आणि परतीच्या वाटेत त्यांनी पहिलं काय विचारलं ते मला लिहून कळव.